हरतोय ते लॅगमुळे की माझ्यामुळे? (सुपर टर्बो, ऑनलाइन)

रियूचा_चुलतभाऊ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. दोन महिन्यांपासून सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो (१९९४ वाला दोघांच्या मारामारीचा गेम, ज्याला सगळे एसटी म्हणतात) फाइटकेडवर, म्हणजे जुने गेम नेटवरून खेळायच्या सोयीवर, खेळतोय. लहानपणी हा गेम मी इतका कुटलाय की घरात मला कोणी हरवायचं नाही, भाऊ तर शेवटी शेवटी दुसरा कंट्रोलर हातात घ्यायलाच तयार नसायचा. त्या जोरावर इथे आलो आणि पहिल्याच रात्री २३ मॅच, २३ हार. ठीक आहे म्हटलं, सवय मोडलीये, येईल हळूहळू. पण दोन महिन्यांत फरक शून्य!

माझं म्हणणं असंय की हा लॅगच आहे, म्हणजे नेटमुळे होणारा उशीर. एक तर माझ्या रियूचा शोर्युकेन (वर उडत मारायचा ठोसा) दहातून सात वेळा येतच नाही, मी बरोबर दाबतो तरी नुसता ठोसा निघतो. दुसरं म्हणजे समोरचा मधेच गायब होतो आणि एकदम हवेत लाथ मारतानाच दिसतो. पिंग, म्हणजे निरोप जाऊन-यायचा वेळ, ९० मिलिसेकंदांच्या आसपास असतं. रोज एक गाईल (त्याच गेममधलं कॅरेक्टर) घेणारा भेटतो आणि रोज धुतो. काय करावं?

फ्रेममोजणी
स्वागत. आधी तीन गोष्टी सांग, केबल की वायफाय? कीबोर्ड, पॅड की स्टिक? आणि सेटिंगमध्ये डिले किती ठेवलाय?

रियूचा_चुलतभाऊ
वायफाय. कीबोर्ड. आणि डिले म्हणजे काय ते माहीत नाही, जे होतं ते आहे.

वाचनमात्र
धाग्यावर बसलोय. माझीही सेम कथा आहे, फक्त मी केन हे कॅरेक्टर घेतो आणि हरल्यावर धागा काढत नाही :D

फ्रेममोजणी
आता जरा लांब लिहितो, कारण हा प्रश्न महिन्यातून दोनदा येतो आणि दरवेळी तेच भांडण होतं.

हा गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. पिंग ९० म्हणजे जाऊन-येऊन ९०, एका बाजूचे ४५, म्हणजे तू बटण दाबल्यापासून समोरच्याच्या मशीनला कळेपर्यंत पावणेतीन फ्रेम जातात. हे कोणी कितीही डोकं लावलं तरी जाणारच, फायबरमधून उजेडसुद्धा सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटरच धावतो, त्यामुळे दोन खेळाडू दहा हजार किलोमीटर लांब असतील तर नुसत्या अंतराचेच जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद झाले. प्रश्न एवढाच की तेवढ्या वेळात गेमने करायचं काय.

जुनी पद्धत म्हणजे थांबायचं. तुझं बटण लगेच लागू करायचं नाही, तीन-चार फ्रेम धरून ठेवायचं, तोवर समोरच्याचं बटण पोचतं, मग दोघांचं एकदम लागू करायचं. कैलेरा या जुन्या नेटप्लेच्या काळात आम्ही असंच खेळलोय. नेट सरळ चाललं तर गेम चिखलातून चालल्यासारखा वाटतो पण निदान सारखाच चिखल असतो. नेटने आचका दिला की अख्खा गेम आचका देतो, दोघांच्याही पडद्यावर.

नवी पद्धत रोलबॅक, म्हणजे थांबायचं नाही, अंदाज करायचा. २००६ मध्ये टोनी कॅननने जीजीपीओ हे रोलबॅकचं सॉफ्टवेअर काढलं. स्ट्रीट फायटर टू हायपर फायटिंगच्या एक्सबॉक्स ३६० वरच्या आवृत्तीतला लॅग बघून तो वैतागला होता, त्यातून ते निघालं. अंदाज अगदी साधा आहे, समोरच्याने मागच्या फ्रेमला जे धरलं होतं तेच आत्ताही धरलंय असं समजून पुढे जायचं. ऐकायला हे भाबडं वाटतं पण सेकंदाच्या ६० फ्रेममध्ये माणसाचे हात बदलतात किती वेळा? बहुतेक वेळा अंदाज बरोबरच येतो. चुकला तर गेम जपून ठेवलेल्या जुन्या स्थितीला परत जातो, खरं बटण घालून मधल्या फ्रेम डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा चालवतो आणि तुला आजच्या जागेवर आणून सोडतो. तुला दिसतं काय? गाईल बसलेला होता आणि एकदम हवेत लाथ मारताना दिसला. तुझा "गायब होतो" तो हाच.

आता मुद्द्याचं. रोलबॅकमध्ये तुझं स्वतःचं बटण नेटची वाट बघत नाही. डिले १ किंवा २ ठेवला असेल तर तेवढ्या फ्रेम जातात, आणि त्या रोज तितक्याच जातात. त्यामुळे "समोरचा उडाला" ही तक्रार नेटची असू शकते, पण "माझा शोर्युकेन आला नाही" ही नेटची असायची शक्यता फार कमी. राग मानू नको.

रियूचा_चुलतभाऊ
राग नाही पण पटत नाही. तोच शोर्युकेन मी कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना येतो ना!

फ्रेममोजणी
कॉम्प्युटरविरुद्ध दहातून किती येतात मोजलंयस?

रियूचा_चुलतभाऊ
मोजलं नाही. येतो.

रॉकेटउडी
फ्रेममोजणी, अनुमोदन, फक्त एक भर. अंदाज करून पुढे जायची आयडिया फायटिंगवाल्यांच्या आधी आमच्याकडे आली. क्वेक, आमचा गोळीबाराचा गेम, १९९६ चं, त्याच वर्षाच्या शेवटी नेटवर खेळायला क्वेकवर्ल्ड आलं. त्याआधी मॉडेमवर खेळताना पुढे जायची की दाबली की ती सर्व्हरपर्यंत जायची, सर्व्हर म्हणायचा बरं, मग तुम्ही हलायचात. पाव सेकंद सहज जायचा. क्वेक बनवणाऱ्या कारमॅकने क्वेकवर्ल्डमध्ये तुमचं हलणं तुमच्याच मशीनवर लगेच दाखवायला सुरुवात केली आणि सर्व्हरने नंतर दुरुस्ती करायची. ज्यांनी आधीचं सोसलंय त्यांना विचारा काय वाटलं होतं ते, पायातली बेडी काढल्यासारखं.

पण तिथे फक्त स्वतःच्या हलण्याचा अंदाज असतो, दोघांना एकच फ्रेम तंतोतंत सारखी दिसलीच पाहिजे असं बंधन नाही. फायटिंगमध्ये एका फ्रेमने लाथ लागते की चुकते ते ठरतं, म्हणून तिथे मागे जाऊन सगळं पुन्हा चालवावं लागतं.

मेली_नाही
आमचा गेम विसरू नका! नाव मेली (सुपर स्मॅश ब्रदर्स मेली), पण मेली काही नाही. २००१ चा गेमक्यूबवरचा गेम, त्यात ऑनलाइन खेळायची सोयच नव्हती, चार जण एका टीव्हीसमोर बसून खेळायचे. २०२० मध्ये स्लिपीने डॉल्फिन एम्युलेटरवर (गेमक्यूबचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) याच गेमला रोलबॅक बसवला, तोही चाहत्यांनीच. माझ्या मते नव्यातल्या निम्म्या गेमांना इतकं चांगलं नेटप्ले नसेल.

उभी_काठी
तुमचं बघून हसू येतं हो, आमच्याकडे असं काही नाही. टेट्रिसमध्ये समोरचा माझ्या अंगावर काही फेकत नाही, मी आणि माझे ठोकळे. हरलो की कारण आरशात. (हलके घ्या.)

वाचनमात्र
उभी_काठी, हे कुठलं टेट्रिस? मोबाईलवरचं?

उभी_काठी
छे छे, एनईएसवरचं (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं जुनं यंत्र), १९८९ चं. त्याचीच जागतिक स्पर्धा २०१० पासून भरते.

थोडं अवांतर होईल पण विषयाला लागून आहे म्हणून सांगतो. त्या गेममध्ये डावं-उजवं बटण दाबून धरलं की ठोकळा एक घर सरकतो, मग १६ फ्रेम थांबतो, मग दर ६ फ्रेमला एक घर. आम्ही याला डास म्हणतो (चावणारा नव्हे). आता २९ व्या लेव्हलला ठोकळा दर फ्रेमला एक ओळ खाली येतो, २० ओळींचा हौद म्हणजे एक तृतीयांश सेकंदात तळाला. धरून ठेवून सरकवलं तर कडेपर्यंत पोचतच नाही. वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे की २९ म्हणजे शेवट, इथे गेम संपला. मग लोक धरून ठेवायचं सोडून अंगठा थरथरवून भराभर टॅप करायला लागले. २०१८ मध्ये १६ वर्षांच्या जोसेफ सेलीने अशाच टॅपिंगवर फायनलला सात वेळच्या चॅम्पियनला, जोनस न्यूबाउअरला हरवलं. मग त्यापुढे रोलिंग आलं, म्हणजे अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखं वाजवायचं, प्रत्येक बोटागणिक कंट्रोलरच अंगठ्यावर आपटतो. मी ते शिकताना दोन महिने घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं, जेवायच्या टेबलावर पण बोटं थांबत नव्हती.

आणि डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका मुलाने, ब्लू स्कूटी या नावाने खेळतो तो, १५७ व्या लेव्हलपर्यंत जाऊन गेमच गोठवला. माणसाने खेळून गेम कोलमडल्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा बटण तेच, गेम तोच, कंट्रोलर तोच, बदलले ते हात. धागाकर्त्याने नोंद घ्यावी.

बाराच_युनिट
पण तुमच्या स्पर्धेत गेम बदललाच की हो. ३९ व्या लेव्हलनंतर वेग दुप्पट करायचं घातलंच ना?

उभी_काठी
घातलं, कारण रोलिंगवाले थांबेचनात. मॅच एक तास चालली तर मंडप कधी आवरायचा? दोघंही चुकत नाहीत, बघणारे झोपतात. कुठेतरी टोक लागणारच.

बाराच_युनिट
हेच मला पटत नाही. जुना गेम खेळायचा तर आहे तसा खेळायचा. आमच्या ब्रूड वॉर या फौजांच्या लढाईच्या गेममध्ये (१९९८) एका वेळी बाराच युनिट निवडता येतात. शंभरची फौज हलवायची तर नऊ वेळा निवडा आणि नऊ वेळा क्लिक करा. २०१७ मध्ये रिमास्टर आला, चित्रं नवी केली, तरी ही बाराची मर्यादा तशीच ठेवली, कारण ती काढली असती तर खेळणाऱ्यांनी तो हातात धरला नसता. हातांना काम आहे म्हणून तर एक माणूस दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरतो. उद्या म्हणाल वाट चुकणाऱ्या ड्रॅगून युनिटला नीट चालायला शिकवा!

रॉकेटउडी
सहमत. क्वेकमध्ये रॉकेट पायाशी मारून उंच उडणं, स्ट्रेफ जंपने (तिरकं हलत उड्या मारून) वेग वाढवत नेणं, यातलं काय कोणी ठरवून शिकवलं होतं? स्ट्रेफ जंप तर सरळ हिशोबातली गफलत आहे, आणि आज तीच गफलत म्हणजे गेम.

फ्रेममोजणी
कॉम्बोचं पण तेच. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टूमध्ये एका फटक्याला दुसरा फटका जोडता येतो हे बनवणाऱ्यांना गाडी फोडायच्या बोनस स्टेजच्या वेळी लक्षात आलं. त्यांना वाटलं वेळ साधायला इतकं अवघड आहे की कोणी वापरणार नाही, राहू दे. राहिलं, आणि पुढचे सगळे फायटिंग गेम त्याच्यावर उभे राहिले.

पण बाराच_युनिट, आहे तसंच हे तत्त्व शेवटपर्यंत ओढता येत नाही. एसटीमध्ये अकुमा नावाचा खेळगडी लपवलेला आहे, गेमचाच भाग आहे, कोणी बाहेरून घातला नाही. त्याचा हवेतून फेकायचा गोळा इतका वरचढ आहे की बहुतेक कॅरेक्टरांकडे उत्तरच नाही. म्हणून स्पर्धेत तो घेत नाहीत. गेममधली एक ओळसुद्धा बदललेली नाही, लोकांनी आपसात ठरवलं एवढंच.

मेली_नाही
आमच्याकडे वॉबलिंगचं तेच झालं. आइस क्लाइंबरच्या जोडीने एकदा पकडलं की समोरचा सुटतच नाही, मरेपर्यंत एकाच तालात ठोकत राहायचं. कित्येक वर्षं चालू होतं, मग २०१९ च्या सुमारास एकेका स्पर्धेने बंद केलं. बंद केल्यावर जे क्लाइंबर खेळायचे ते चिडले, बाकी सगळे खूश, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर होतं.

बाराच_युनिट
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

संपादक
मंडळी, "गेम बदलावा का" यावर वेगळा धागा आहे, साडेचारशे प्रतिसाद झालेत, तिकडे जा. इथे धागाकर्त्याचा शोर्युकेन बाकी आहे.

जुनी_पेटी
संपादकांची माफी मागून एक विचारतो, धागाकर्ते, टीव्हीला जोडून खेळता का मॉनिटरवर? टीव्ही असेल तर गेम मोड लावा आधी. नवे टीव्ही चित्र सुधारायच्या नावाखाली फ्रेम आत धरून ठेवतात आणि मग दाखवतात. जुन्या डब्याच्या टीव्हीत धरून ठेवायची भानगडच नव्हती, सिग्नल आला की काच उजळली. म्हणून तर माझ्या खोलीत अजून तो अवजड डबा आहे, हलवायला दोन माणसं लागतात.

आणि कोणी म्हणेल की एम्युलेटर कशाला, मूळ आर्केडच्या बोर्डवर खेळा, तर त्या बोर्डात बॅटरी असते. सीपीएस-२ च्या बोर्डावर गेम कुलूपबंद असतो आणि किल्ली असते बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत, बॅटरी मेली की किल्ली गेली आणि बोर्ड ठप्प. चाहत्यांनी ते परत जिवंत करायच्या युक्त्या काढल्या म्हणून बरं.

रियूचा_चुलतभाऊ
मॉनिटरच आहे. बरं, केबल मागवली आहे. डिले २ केला. शोर्युकेन अजून येत नाही. कीबोर्डच बदलू का?

गाईलमावशी
अरे तो रोज भेटणारा गाईल बहुतेक मीच आहे. रियू, वायफाय, रात्री नऊ ते अकरा, हरल्यावर न बोलता रूम सोडून जातोस, तूच ना तो?

वाचनमात्र
😂😂😂

रियूचा_चुलतभाऊ
अं... मावशी नमस्कार.

गाईलमावशी
नमस्कार. राहू दे, मीपण सुरुवातीला तसंच करायचे. काल रात्रीच्या आपल्या मॅचचा रिप्ले उघडून बसले होते, तू काय करतोस ते सांगते. फटकळ आहे मी, आधीच सांगितलेलं बरं.

पहिलं, उड्या. दहा मॅचमध्ये तू माझ्या अंगावर ६१ उड्या मारल्यास, मोजल्या मी. त्यातल्या नऊ लागल्या. आणि उडी कधी मारतोस? माझा सॉनिक बूम (गाईल लांबून फेकतो तो) पडद्यावर *दिसल्यावर*. माणसाला दिसून बोट हलायला १२-१५ फ्रेम जातात, तोवर मी मोकळी झालेली असते आणि तू हवेत असतोस. हवेत तुला ब्लॉक करता येत नाही, खाली बसून ठोसा दिला की झालं. गाईलचं गुपित सांगते, बूम मारायला मागचं धरून ठेवावं लागतं आणि मग पुढे दाबावं लागतं, लाथेसाठी खालचं धरून ठेवावं लागतं. ज्या क्षणी बूम सोडते त्या क्षणी माझ्या हातात लाथ नसते, पुन्हा साठवायला वेळ लागतो. म्हणजे उडी बूम सुटायच्या क्षणी हवी, म्हणजे अंदाजाने हवी. चुकलास तर मार खाशील, पण दहातून तीनदा बरोबर आलास तरी मला बूम मारायची भीती वाटायला लागेल. आत्ता मला तुझी अजिबात भीती वाटत नाही.

दुसरं, तुझा शोर्युकेन. पुढे, खाली, खाली-पुढे आणि ठोसा, बरोबर? रिप्लेत तो चुकतो तेव्हा दरवेळी *बसलेला* ठोसा येतोय, उभा कधीच नाही. म्हणजे शेवटचं खाली-पुढे तू बरोबर देतोयस. मला वाटतं मधलं निव्वळ "खाली" हरवतंय. कीबोर्डवर तू पुढची की सोडायच्या आधीच खालची दाबत असशील, म्हणजे गेमला दिसतं पुढे, मग थेट खाली-पुढे. तुझ्या मनात तीन पायऱ्या, गेमला दिसतात दोन. ट्रेनिंगला जा, इनपुट दाखवायची स्क्रिप्ट लाव आणि बघ.

(तो चुकलेला बसका ठोसा मला दोनदा लागला, त्याबद्दल अभिनंदन.)

फ्रेममोजणी
मावशींनी विषयच संपवला. पिंगने चूक होत असती तर दरवेळी एकसारखी झालीच नसती.

रियूचा_चुलतभाऊ
लावली स्क्रिप्ट.

खरंय.

पुढे, खाली-पुढे, ठोसा. पुढे, खाली-पुढे, ठोसा. पन्नास वेळा केलं, निव्वळ खालचा बाण १९ वेळा दिसला. कॉम्प्युटरविरुद्ध पण तेवढाच येतो, तिथे नाही आला तर मार पडत नाही म्हणून लक्षातच राहत नव्हतं. दोन महिने मी राऊटरला शिव्या देत होतो.

मेली_नाही
राऊटरची माफी माग.

वाचनमात्र
मी पण लावली स्क्रिप्ट. माझं त्याहून वाईट आहे, आकडा सांगत नाही.

एक शंका, कीबोर्डवर डावं आणि उजवं दोन्ही एकदम दाबता येतं, स्टिकवर येत नाही. मग मागचं धरून ठेवून पुढचं नुसतं टिचकी मारली तर गाईलचा बूम फुकटात येईल ना?

गाईलमावशी
आलास का लायनीवर! येतो, जर नंतर दाबलेली की जिंकते असं सेटिंग असेल तर. मागचं सोडावंच लागत नाही. म्हणूनच बऱ्याच स्पर्धांत नियम असतो की दोन्ही एकदम दाबलं तर काहीच दाबलं नाही असं धरायचं. टर्बो बटण, म्हणजे धरून ठेवलं की आपोआप टकटक, तेही बंद. एका बटणात अख्खी मूव्ह भरून ठेवली तर सरळ हकालपट्टी. आणि बघायला कोण असतं, कोणी नाही, सगळं विश्वासावर, शंका आली की रिप्ले उघडायचा. माणूस दर फ्रेमला बटण सोडू-दाबू शकत नाही, रिप्लेत ते लगेच उघडं पडतं.

फ्रेममोजणी
धागाकर्त्या, तुला बरं वाटावं म्हणून माझी गोष्ट. मी थर्ड स्ट्राइक (१९९९) डिलेवाल्या नेटप्लेवर शिकलो. त्यात पॅरी असतो, म्हणजे फटका लागायच्या नेमक्या क्षणी पुढे दाबायचं, साधलं तर फटका फुकट जातो. २००४ च्या इव्हो या स्पर्धेतला डाइगो उमेहाराचा तो क्षण सगळ्यांनी पाहिला असेलच, त्याच्या केनचा जीव एक सुईभर उरलेला, नुसतं ब्लॉक केलं असतं तरी घासून मेला असता, आणि समोरून जस्टिन वाँगच्या चुन-लीचा सुपर (तिचा सगळ्यात मोठा हल्ला) आला. सलग सगळे, १५ फटके पॅरी केले, शेवटचा तर हवेत, आणि उलटा मारून राउंड घेतला. पहिला पॅरी तर जवळपास अंदाजानेच द्यावा लागतो, सुपर दिसल्यावर विचार करायला वेळच नसतो.

तर मी ते वर्षभर घोकलं. डिलेवर. मग रोलबॅकवर आलो आणि एकही पॅरी येईना! मी पण म्हटलं हे रोलबॅक बकवास आहे, आधीचं बरं होतं, लांबलचक पोस्ट लिहिली होती, अजून कुठेतरी असेल, शोधू नका. झालं असं होतं की माझ्या हातांना चार-पाच फ्रेम *आधी* दाबायची सवय लागली होती. लॅग बोटात मुरला होता. रोलबॅकमध्ये बटण वेळेवर लागायला लागलं आणि मी दरवेळी लवकर. ती सवय काढायला जवळपास तेवढेच महिने लागले.

जुनी_पेटी
"लॅग बोटात मुरला होता" 👌 वाचनखूण साठवली.

रियूचा_चुलतभाऊ
(अपडेट, तीन आठवड्यांनी)

केबल आली. समोरचा गायब व्हायचा तो जवळपास थांबला, म्हणजे निम्मा आरोप तरी खरा होता, तेवढं श्रेय मला द्या. वायफायवर पिंग ९० च दिसायचं, पण मधेच एखादं पाकीट उशिरा यायचं किंवा यायचंच नाही आणि मग एकदम सहा-सात फ्रेम मागे. केबलवर पिंग ८४ आहे, म्हणजे आकडा फारसा बदलला नाही, पण दर सेकंदाला तोच राहतो. हे मला माहीतच नव्हतं की सरासरीपेक्षा चढउतार जास्त मारतो.

शोर्युकेन: पुढची की पूर्ण सोडायची, मग खाली, मग खालचं न सोडता पुढे. पहिला आठवडा इतका हळू केलं की सेकंद लागायचा, तेव्हा साहजिकच येत नव्हता, पण बाण तीनही दिसायचे. मग रोज वीस मिनिटं, उजव्या बाजूने पन्नास, डाव्या बाजूने पन्नास. उजव्या बाजूने आता पन्नासातून ४१. डाव्या बाजूने ३३, बोटं तिथे अजून गोंधळतात. मॅचमध्ये अर्थातच कमी.

उड्या मोजायला लागलो. मोजायला लागल्यावर आपोआपच कमी झाल्या, मारायच्या आधी मनात आकडा येतो.

आणि परवा मावशींशी पहिला-दहावर (आधी दहा मॅच जिंकेल तो) खेळलो. हरलो, १०-४. पण त्या चारातल्या एकात बूम सुटायच्या क्षणी उडी मारली, अगदी अंदाजाने, वरून लाथ, खाली उतरून बसकी लाथ, त्यातून हाडोकेन (रियूचा गोळा), आणि मावशी कोपऱ्यात. मी खुर्चीतून उठलो होतो. पुढच्या राउंडला त्यांनी बूम मारायच्या आधी क्षणभर थांबून बघितलं, मला स्पष्ट जाणवलं.

गाईलमावशी
थांबून बघितलं नाही, नाक खाजलं होतं.

बरं ठीक आहे, थांबले होते. पण मग सातव्या मॅचपासून तू पुन्हा बूम दिसल्यावर उडायला लागलास. सलग पाच वेळा. रिप्ले बघ, ७ ते ११. दमलास की जुना माणूस परत येतो.

रियूचा_चुलतभाऊ
बघितला. पाच नाही, सहा आहेत. आज रात्री नऊला आहात का?

गाईलमावशी
आहे. रियूच घेऊन ये, केन नको, नाहीतर उद्या नवीन धागा काढशील.